तान्ह्या पोळ्याला मुलीने माझी ओळख 'आजोबा' अशी करून दिली

कूलरचं_पाणी (धागाकर्ता)

परवा तान्हा पोळा झाला. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नागपुरात पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. घरची बाई नंदीला ओवाळते आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ नाहीतर दहा-वीस रुपये. आमचा नंदी सागवानी, माझ्या आजोबांच्या काळचा, चांगला दीड फूट उंच. त्यामुळे दोरी मुलीच्या हातात आणि पायऱ्या आल्या की उचलायचं काम माझं.

त्रिमूर्ती नगरात पहिल्याच घरी काकू म्हणाल्या, "अरे वा, आजोबांना घेऊन आली का?" मी नेहमीसारखं हसून "बाबा, बाबा" म्हटलं. त्या ओशाळल्या, मग मी ओशाळलो. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घराचं फाटक उघडलं आणि कुणी काही विचारायच्या आत आमची कन्या म्हणाली, "मी आणि माझे आजोबा आलोय."

पुढच्या अकरा घरी मी आजोबाच होतो. घरी आल्यावर तिनं बोजारा मोजला, १८० रुपये आणि मूठभर संत्रागोळ्या, आणि गाढ झोपली. मला काही झोप आली नाही.

माझं वय ५२, बायकोचं ४७, मुलगी सहाची, यंदा पहिलीत. लग्नच छत्तिसाव्या वर्षी झालं, मग आठ वर्षं धंतोलीच्या दवाखान्यांच्या चकरा. बेशाचा प्लॉट त्यात गेला, त्याचं दुःख नाही. राज्य सरकारी नोकरी आहे, ५८ ला निवृत्ती. तेव्हा ती सातवीत असेल. माझ्या बरोबरीच्या मित्रांची पोरं इंजिनीअर होऊन हिंजवडीला आहेत आणि मी शनिवारी पालकसभेत तिशीतल्या आईबापांमध्ये त्या बुटक्या खुर्चीवर बसून राहिलेला असतो. उठताना टेबलाला हात लावून उठतो.

लोकांनी आजोबा म्हणायची सवय झाली आहे. पण तिनं म्हणावं? लाज वाटते का तिला माझी? विचारू, की सोडून देऊ? ज्यांच्याकडे उशिरा लेकरू आलं त्यांनी सांगा. बाकीही लिहा, काय जड गेलं, काय नाही.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, पह्यलं तं केस काळे करा नं! माहं पोट्टं झालं तवा मी ४४ चा होतो. पह्यल्या वर्षी कलप लावला, तं भर मे महिन्यात घाम येऊन गालावर काळे वघळ. त्या दिवसापासून सोडून देला. आता कोणी आजोबा म्हनलं तं म्हनतो, "हाव, आजोबाच हावो, पन बाप बी मीच हावो." समोरचा हिशोब लावत बसते तवरिक आपन निंघून जातो.

त्याच सकाळी मारबत (इडा-पिडा घेऊन जानारा पुतळा) मिरवताना पाह्याले गेल्ते का? मी गर्दीत वरडलो, "लोकायचे टोमने घेऊन जाय गे मारबत!" आजूबाजूचे पाच-सात जन बी वरडले. कोनाचे कोनते टोमने होते काय मालूम.

दोन_मापं

मी ४३, मुलगा दोन वर्षांचा. सासूबाई ८१, अंथरुणावर. दर पंधरा दिवसांनी औषधाच्या दुकानात माझी यादी अशी: डायपर लहान, डायपर मोठे. दुकानातला नवा पोरगा दर वेळी गोंधळतो, "मॅडम, नक्की कोणता साइज?" मी म्हणते, "दोन्ही." तो मालकाकडे बघतो.

सगळे विचारतात की या वयात रात्रीची जागरणं झेपतात का. जागरणाचं काही नाही हो, ऑडिटच्या दिवसांत ऑफिसात कमी जागलेली नाही. खरी गोची वेगळीच आहे. माझ्या बहिणीला २४ व्या वर्षी मूल झालं तेव्हा आई ४९ ची होती. तिनं तीन महिने बाळाला न्हाऊमाखू घातलं, डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी केली. माझ्या वेळी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. ती खुर्चीवर बसून सांगायची, "पाय असा धर, तेल गार आहे गं," आणि मी एका हातात बाळ, एका हातात मोबाईल, आंघोळ कशी घालतात त्याचा व्हिडीओ लावलेला. शेवटी मालिशवाल्या बाई ठेवल्या. आपण उशिरा आई झालो की आपली आईसुद्धा उशिरा आजी होते, हे लग्नाआधी कुणी सांगत नाही.

मिळालं ते पण सांगते. २४ व्या वर्षी मला चार माणसं काय म्हणतील याची भीती होती. आता नाही. मुलानं सीताबर्डीच्या भर बाजारात लोळण घेतली तर मी शेजारी उभी राहते आणि वाट बघते. एकदा तर त्याचं रडणं संपेपर्यंत मोसंबीचा रस पिऊन घेतला.

चष्मेबद्दूर

कटू वाटेल, पण लिहितो. पन्नाशीत मूल म्हणजे आईबापांची हौस आणि लेकराला शिक्षा. ते पंचविशीचं होईल तेव्हा तुम्ही कुठे असाल?

दोन_मापं

@चष्मेबद्दूर, धागाकर्त्यांना ४६ व्या वर्षी मूल झालं, पन्नाशीत नाही. आणि ते आठ वर्षं हौसेनं चकरा मारत नव्हते. आधी नीट वाचा.

निवृत्त_बाळंतीण_डॉक्टर

(नावाला हसू नका, नातवानं ठेवलं आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, ३१ वर्षं नागपुरातच बाळंतपणं केली.)

शिक्षा वगैरे शब्द बाजूला ठेवू. ज्या बहिणी हा धागा वाचून विचार करत असतील त्यांच्यासाठी थोडं लिहिते.

बाईची बीजं तिच्या जन्माच्या वेळीच मोजून दिलेली असतात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर संख्याही भराभर घटते आणि दर्जाही. डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता पंचविशीला साधारण १,२५० त १, ३५ व्या वर्षी ३५० त १ आणि चाळिशीला १०० त १. म्हणजे चाळिशीतही १०० पैकी ९९ बाळांना ते नसतं. माझ्यासमोरच्या जोडप्यातला एक जण '१' ऐकायचा आणि दुसरा '९९', आणि घरी जाताना दोघं भांडायची.

तपासण्यांचं: ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत एनटीची (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी) सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ताची तपासणी. ऐपत असेल तर आईच्या रक्तातूनच बाळाची गुणसूत्रं तपासणारी एनआयपीटी. या चाळण्या आहेत, निदान नाही. निदान १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून. आणि हो, मुलगा की मुलगी हे विचारू नका. १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी चाळिशीतल्या जोडप्याची सासू हळूच विचारतेच, "एवढ्या वर्षांनी होऊन राह्यलं, तेवढं सांगून द्या नं."

चाळिशीत रक्तदाब आणि गरोदरपणातला मधुमेह जास्त दिसतो. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा वर गेली की आम्ही सावध होतो. त्यात शेवटचे महिने एप्रिल-मेत आले तर नागपूरच्या ४५ अंशांत बाईचे हाल. माझ्या एक पेशंट दुपारभर कूलरसमोर पाय टबात बुडवून बसायच्या, आणि मी त्यांना त्याबद्दल कधीही रागावले नाही.

पुरुषांनीही हुरळू नये. बापाचं वय वाढतं तसे शुक्रबीजात नवे जनुकीय बदल वाढतात. 'पुरुषाला वय नसतं' हे फक्त पारावरचं शास्त्र.

२०२१ च्या कायद्यानं आयव्हीएफसारख्या उपचारांना वरची मर्यादा घातली आहे, बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षं. त्या आधी साठीच्या बाया माझ्याकडे यायच्या. मी नाही म्हटलं की शेजारच्या गल्लीत जायच्या. आणखी एक. पन्नाशीला टेकलेल्या बाईला स्वतःच्या बीजापासून मूल होणं फार दुर्मीळ. बहुतेक वेळा बीज दुसऱ्या तरुण बाईचं असतं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण फोटो छापताना ते कुणी सांगत नाही आणि मग ४३ ची बाई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन येते, "मॅडम, हिला झालं नं, मग मला काऊन नाही?" त्या 'काऊन'चं उत्तर देताना मला नेहमी जड गेलं.

तिशीची_टोके

मॅडम, मी ३६, लग्न नाही, सध्या विचारही नाही. बीजं गोठवून ठेवावी का?

निवृत्त_बाळंतीण_डॉक्टर

ताई, कायद्याला तुमचं लग्न झालेलं नसणं आड येत नाही. ठेवायची तर आजच, ४१ व्या वर्षी नाही. बीज ज्या वयात गोठवलं त्या वयाचंच राहतं, पण ते विमा नव्हे, लॉटरीची जरा बरी तिकिटं. आधी एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करून घ्या, मग खर्चाचं बोला.

उशिराची_गाडी

चष्मेबद्दूर यांनी विचारलं की पंचविशीच्या लेकराचं काय. मी ते लेकरू. वय २७. मी झाले तेव्हा आई ४२, बाबा ४९. एकुलती एक.

बाबा गेले तेव्हा मी १९ ची, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पहिला पेपर त्यांच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी होता. आई आता ६९ ची आहे. मला बंगळुरूची नोकरी आली होती, मी नागपुरातच मिहानमधली घेतली. पगारात फरक पडला. कुणी बळजबरी केली नव्हती, पण पर्याय होता असंही नाही.

काका, तुमच्या मुलीला तुमच्या वयाची लाज वाटत असेल असं मला नाही वाटत. मला कधीच नाही वाटली. मला त्रास व्हायचा तो बाबांच्या घाईचा. त्यांना सगळं लवकर शिकवून टाकायचं होतं. दहाव्या वर्षी मला बँकेची स्लिप भरता येत होती. बाराव्या वर्षी गॅसचा नंबर, विजेचं बिल, घरपट्टी, सगळं पाठ. अंबाझरीला फिरायला गेलो तरी वाटेत ते मला एलआयसीचं ऑफिस दाखवायचे. मला भेळ हवी असायची.

आणि त्यांनी एकच गोष्ट शिकवली नाही. स्वयंपाकघरात वेलदोड्याची पितळी डबी होती. मी नववीत असताना चहात घालायला उघडली तर आत वेलदोड्यांखाली गोळ्यांची पट्टी. जिभेखाली ठेवायची, हृदयाची. आईला माहीत होतं, मला नाही. मी डबी लावून ठेवली आणि चार वर्षं दोघांनाही कळू दिलं नाही की मला कळलंय. रोज शाळेतून आल्यावर मी आधी ती पट्टी मोजायची. एक कमी झाली की त्या रात्री बाबांच्या खोलीचं दार किलकिलं ठेवायची.

एवढंच सांगायचंय की गोळ्या लपवू नका. मुलं मोजतात.

बाकी चष्मेबद्दूर, शिक्षा म्हणाल तर १९ वर्षं मला असा बाप मिळाला जो रोज साडेपाचला घरी यायचा. माझ्या वर्गमैत्रिणींचे तरुण बाबा रात्री नऊला यायचे.

चष्मेबद्दूर

@उशिराची_गाडी, तुमची माफी मागतो. माझं मत पूर्ण बदललं नाही, पण शब्द चुकला.

चार_ते_आठ

आमची तिसरी तऱ्हा. उपचार दोनदा केले, जमलं नाही, पुढे करायचे नाहीत असं ठरवलं. दत्तकासाठी 'कारा' या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नाव घातलं तेव्हा मी ४५, हे ४९. तिथे नवरा-बायकोच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी बेरीज ८५ च्या आत लागते, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००. आमची ९४. म्हणजे पाळणा नाही, थेट दप्तर.

नातेवाईक म्हणाले, "एवढं मोठं? त्याला सगळं कळतं, ते तुमचं कसं होईल?" मी म्हटलं, कळतं तेच बरं, निदान भूक लागली तर सांगेल. घरी येऊन चौकशी करणाऱ्या ताईंनी कपाटं उघडली नाहीत (आम्ही उगाच आवरली होती), प्रश्न मात्र नेमके विचारले. तुम्हाला काही झालं तर मुलाला कोण बघेल, नाव सांगा. मग वाट. वर्षं जातात, मनाची तयारी ठेवा. पोर्टलवर मुलाची माहिती आली की ४८ तासांत होकार कळवायचा असतो. ते ४८ तास आम्ही घरात एकमेकांशी कुजबुजून बोलत होतो, का ते माहीत नाही. शेवटचा आदेश आता कोर्टातून नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडून निघतो. त्यानंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी ताई येऊन बघून जातात.

मुलगा साडेपाचचा होता. पहिला महिना मला "मॅडम" म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंथरूण झटकताना उशीखाली पोळी सापडली, गुंडाळी करून ठेवलेली, कडक झालेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रागवायचं नाही एवढं कळलं. मग मी एक स्टीलचा डबा घेतला, त्यात रोज दोन ताज्या पोळ्या आणि गूळ घालून त्याच्या उशाशी ठेवायला लागले. म्हटलं, हा तुझा, रात्री केव्हाही खा. पाच महिने तो डबा सकाळी भरलेलाच निघायचा, मी त्या पोळ्यांचा कुस्करा करायची. एके रात्री त्यानं स्वतःच डबा ओट्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाला, "उद्या पोळ्या नको करू याच्यात, मुंग्या येतात."

कूलरभाऊ, तुमचा प्रश्न मला वेगळा दिसतो. माझा मुलगा वर्षभर मला परक्यांसमोर काहीच म्हणायचा नाही, ना आई ना मॅडम. मुलं नात्याचे शब्द सोयीनं वापरतात. विचारा तिलाच. पण रडका चेहरा करून विचारू नका, नाहीतर ती तुम्हाला बरं वाटेल तेच सांगेल.

व्याजदर_काका

भावना सगळ्यांनी लिहिल्या, मी पैशांचं लिहितो.

कूलरभाऊ, मुलीच्या नावाचं सुकन्या बचत खातं उघडलं का? दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं. आज उघडलं तर १५ वर्षं भरायचं, म्हणजे तुमच्या ६७ पर्यंत, आणि मुदत २१ वर्षांनी संपेल, तुम्ही ७३ चे, ती २७ ची. त्यामुळे पेन्शनमधून भरता येईल एवढाच हप्ता धरा, वर्षाला २५० रुपयेही चालतात, १.५ लाखाच्या मोहात पडू नका. ती १८ ची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, तेव्हा तुम्ही ६४. निवृत्तीच्या वेळचे पैसे घराच्या वरच्या मजल्यात घालू नका. नागपूरचा माणूस ग्रॅच्युइटी मिळाली की आधी स्लॅब टाकतो, नंतर पोराच्या फीसाठी कर्ज काढतो. वीस वर्षं हेच बघतोय.

तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले असाल तर जुनी पेन्शन आहे, तो मोठा आधार. नंतर लागलेल्यांनी आपला हिशेब वेगळा मांडावा.

आणि दोघांनी मृत्युपत्र करा. त्यात मुलीचा पालक कोण ते नाव घालून लिहा. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार हवेत, नोंदणीची सक्ती नाही. ज्याचं नाव घालाल तो तुमच्यापेक्षा तरुण असू द्या. माझ्याकडे एकानं थोरल्या भावाचं नाव लिहून आणलं होतं, भाऊ ६६ चा.

वऱ्हाडी_ठेचा

काका, तुमी लगनात बी असेच बोलता का?

कूलरचं_पाणी (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उशिराची_गाडी, तुझा तिसऱ्यांदा वाचला. बीपीच्या गोळ्या ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असायच्या. काल डायनिंग टेबलावर आणून ठेवल्या, मिठाच्या बरणीशेजारी. मुलीनं विचारलं कशाच्या, सांगितलं. "कडू आहेत?" "नाही." "मग ठीक." झालं एवढंच.

व्याजदर काका, जुनी पेन्शन आहे. सुकन्या नाही उघडलं, सोमवारी पोस्टात जातो. वरच्या मजल्याचं तुम्हाला कसं कळलं?

आता मूळ प्रश्न. आज संध्याकाळी नंदीचा साज उतरवत होतो, ती बेगडाचे तुकडे वेचत होती. चार_ते_आठ ताईंनी सांगितल्याप्रमाणे चेहरा साधा ठेवून विचारलं, "परवा सगळ्यांना आजोबा का सांगितलं गं?"

तिनं माझ्याकडे वर पाहिलंही नाही. म्हणाली, "सगळ्यांचे बाबा फाटकाबाहेर गाडीवरच थांबतात न. मोबाईल बघत. आतमध्ये आजोबाच येतात."

मी म्हटलं, "मग मी पण पुढच्या वर्षी गाडीवर थांबू?"

"आणि नंदी कोण उचलेल?"

नंदीचं पुढचं डावं चाक निखळलंय. बहुतेक सातव्या घराच्या पायरीवर आपटलं तेव्हाच. फेविकॉल लावून वर वरवंटा ठेवला आहे, सकाळपर्यंत धरेल.